धूसर आज्ञांचा इतिहास

आमच्या मंडळाच्या या त्रैमासिकाचे जुने अंक नव्याने टंकलिखित करून महाजालावर ठेवावेत असे ठरले, आणि चाचणी म्हणून काही अंकांची पाने तेथे ठेवलीही गेली. थोड्याच दिवसांत हैदराबादच्या एका जुन्या मराठी घराण्यातील भगिनींचे पत्र आले. त्यांच्या पणजोबांविषयी चार ओळींचा उल्लेख एका जुन्या अंकात आहे. तो त्यांना सापडला, वाचून गहिवरून आले. परंतु त्या ओळी उतरवून घेण्यासाठी माऊसची उजवी कळ दाबली असता नेहमीची यादी उघडलीच नाही. वरच्या मेन्यूत जाऊन पाहिले तर ‘कॉपी’ हा शब्द धूसर. शेवटी त्यांनी त्या ओळी कागदावर हाताने लिहून घेतल्या आणि अमेरिकेतील भाच्यास कळविल्या. त्या गडबडीत शकाचा आकडा चुकला. भाच्याने वंशावळीत तोच चुकीचा आकडा घातला.

पाने तयार करून देणाऱ्या तरुणास आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “कॉपी बंद ठेवली आहे काका, सगळेच ठेवतात.” त्याचे हे ‘सगळेच ठेवतात’ आमच्या डोक्यात राहिले. सरकारी नोकरीत एक गोष्ट आम्ही शिकलो. ‘पूर्वापार असेच चालते’ असे कोणी म्हटले की जुनी फाईल मागवावी. बहुधा असे दिसते की पूर्वापार तसे चालत नव्हते. म्हणून या धूसर शब्दाची फाईल आम्ही चाळली. तिच्यातील हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘कट’, ‘कॉपी’ आणि ‘पेस्ट’, म्हणजे कापणे, उतरवणे आणि डकवणे, ही नावे संगणकाने शोधून काढलेली नाहीत. ती छापखान्याच्या आणि कचेरीच्या टेबलावरून उचललेली आहेत. आमच्या पिढीतील ज्यांनी कारकुनी केली त्यांना हे निराळे सांगावयास नको. मसुद्याचा तिसरा परिच्छेद पहिला करा, असा साहेबांचा शेरा आला की कात्रीने कागद कापावयाचा, डिंकाच्या बाटलीतील काडी फिरवावयाची आणि तुकडा नव्या जागी डकवावयाचा. अमेरिकेतील संपादकही हेच करीत. बोस्टनजवळील लेक्झिंग्टन येथे जिन अँड कंपनी नावाची पाठ्यपुस्तकांची जुनी प्रकाशन संस्था होती. ती झेरॉक्स कंपनीच्या मालकीची होती आणि तिचे संपादक कात्री व गोंद घेऊनच काम करीत. झेरॉक्सचे कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधन केंद्र होते. तेथे १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला होता. तो संपादकांच्या उपयोगी पडेल काय, हे पाहण्याचे काम लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांकडे आले.

केंद्रात त्या वेळी ‘ब्राव्हो’ नावाची लेखन-आज्ञावली होती. कामाला ती चांगली, पण तिच्या दोन अवस्था असत. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे. दुसऱ्या अवस्थेत तीच कळ हुकूम ठरे. तिच्याविषयी एक किस्सा प्रसिद्ध आहे. लेखक आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत असे समजून ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकित करतो. यंत्र मात्र हुकमाच्या अवस्थेत असते. ‘ई’ म्हणजे सारे निवड, ‘डी’ म्हणजे पुसून टाक, ‘आय’ म्हणजे नवे घाल. सारा दस्तऐवज नाहीसा होऊन पडद्यावर एकटा ‘टी’ उरतो! टेस्लर यांना या अवस्थांचा इतका तिटकारा होता की पुढे त्यांनी आपल्या मोटारीच्या नंबरपाटीवरही ‘नो मोड्स’ असे लिहविले होते. (तेथे अशा पाट्या पैसे भरून मिळतात.)

या दोघांनी आधी यंत्र बनवून मग लोकांस शिकविले नाही. कोऱ्या पडद्यासमोर माणसाला बसविले आणि विचारले, येथे कागद आहे असे समजा, तुम्ही दुरुस्ती कशी कराल? मिळालेल्या उत्तरांवरून १९७४-७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ ही आज्ञावली तयार झाली आणि कात्री-गोंदाची भाषा तिच्यात उतरली. कापलेला मजकूर बाजूस ठेवण्याची सोय त्याआधीच्या काही आज्ञावल्यांतही होती, हे खरे. पण सामान्य संपादकाने कोणाच्या मदतीवाचून मजकूर कापावा व डकवावा, हे जिप्सीने घडविले.

जिप्सीत आणखी एक गोष्ट होती, आणि आमच्या विषयाचे मूळ तिच्यात आहे. पूर्वीच्या पुष्कळशा यंत्रांत आधी हुकूम द्यावयाचा, मग तो कशावर लागू करावयाचा ते सांगावयाचे. जिप्सीत आधी मजकूर निवडावयाचा, मग हुकूम द्यावयाचा. हा क्रम उलटला आणि यंत्रास एक नवे ज्ञान प्राप्त झाले. हुकूम येण्यापूर्वीच त्यास कळू लागले की काही निवडले आहे किंवा नाही. काहीच निवडले नसेल तर ‘कापा’ या हुकमास अर्थ नाही. मग तो हुकूम देऊच कशाला द्यावा?

टेस्लर १९८० साली ॲपल कंपनीत गेले. १९८३ साली आलेल्या ‘लिसा’ आणि जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या ‘मॅकिन्टॉश’ या यंत्रांत पडद्याच्या माथ्यावर मेन्यूची पट्टी आली, आणि त्या त्या घटकेस निरर्थक असलेल्या आज्ञा तीत धूसर दिसू लागल्या. त्या काढून टाकीत नसत, नुसत्या फिक्या करीत. यामागे विचार होता. आज्ञा नाहीशी केली तर यादीतील जागा बदलतात आणि माणूस गोंधळतो. फिकी ठेवली तर ही सोय आहे, फक्त आत्ता लागू नाही, हे त्यास कळते. चांगला शिपाई ‘साहेब नाहीत’ एवढेच न सांगता ‘साहेब फिरतीवर आहेत, सोमवारी येतील’ असे सांगतो, तशातला हा प्रकार. धूसरपणाचा जन्म असा सौजन्यातून झाला.

झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळाही लिसा-मॅकिन्टॉशच्याच काळातील. एक्स म्हणजे खोडल्याची फुली, सी म्हणजे कॉपी, आणि व्ही म्हणजे मुद्रितशोधक दोन शब्दांमध्ये भर घालण्यासाठी जी खूण करतो ती उलटी केलेली, अशी उकल सांगितली जाते. विंडोजमध्ये या कळा १९९२ च्या ३.१ आवृत्तीपासून रूढ झाल्या. क्लिपबोर्ड म्हणजे उतरवलेली वस्तू तात्पुरती ठेवण्याची जागा. तीत एका वेळी एकच वस्तू राही. दुसरी आली की पहिली गेली. ही जागा साऱ्या यंत्रास सामाईक. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढील तंटा याच सामाईक जागेवरून झाला.

१९९३ साली ‘मोझेक’ आणि १९९४ च्या अखेरीस ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’ आला. ब्राउझर हे प्रारंभी वाचण्याचे साधन होते. पान दुसऱ्याचे, म्हणून ‘कट’ धूसर; लिहावयास जागा नाही, म्हणून ‘पेस्ट’ही धूसर; मजकूर निवडला तर ‘कॉपी’ मात्र सजीव. हा सारा निर्णय ब्राउझर स्वतः करी. पानाने त्यात बोलावयाचे कारणच नव्हते.

ते बदलले मार्च १९९९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’च्या पाचव्या आवृत्तीने. तोवर पानांतच छोटे छोटे लेखनफलक बनू लागले होते. पानाने स्वतः रेखाटलेल्या चौकोनात ‘पेस्ट’ला अर्थ आहे की नाही, हे ब्राउझरला कसे कळणार? म्हणून मायक्रोसॉफ्टने पानास विचारण्याची सोय केली. मेन्यू उघडण्यापूर्वी ब्राउझर पानास ‘बिफोर-कट’, ‘बिफोर-कॉपी’ आणि ‘बिफोर-पेस्ट’ अशा तीन सूचना देई आणि पान सांगेल त्याप्रमाणे आज्ञा काळी वा धूसर करी. त्यातील गंमत अशी की ‘पेस्ट’ सुरू ठेवावयाचे असेल तर पानाने त्या सूचनेस नकार द्यावा लागे. मूळ क्रम आज्ञा धूसर करण्याचा, आणि त्या क्रमास नकार म्हणजे आज्ञेस होकार! ‘हरकत घ्यावयाची नसल्यास हरकत नाही असे कळवावे’ या धर्तीची टिपणे ज्यांनी वाचली आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही.

हेतू चांगला होता. पण ज्यास विचारावयाचे त्याच्या हाती सत्ता जाते. काय उतरवावे हा वाचक आणि त्याचे यंत्र यांच्यामधला मामला. त्यात आता पानाच्या मालकास जागा मिळाली. त्याच आवृत्तीपासून उजव्या कळेची यादी उघडू न देणेही पानास सोपे झाले, आणि दोन-चार ओळींची आज्ञावली चिकटवून मालकांनी कुलपे लावण्यास आरंभ केला. उजवी कळ दाबताच ‘ही सोय बंद आहे’ असा दरडावणारा चौकोन उघडणारी पाने त्या काळी गावोगाव दिसत. मराठी पानेही मागे नव्हती. कवितांची, पाककृतींची, आरत्यांचीसुद्धा! संतांच्या रचना उतरवू न देणारी पाने आम्ही पाहिली आहेत. त्या रचनांवर मालकी कोणाची, हे ती पाने लिहीत नसत.

हे कुलूप खरे कुलूप नव्हे. जे पान पडद्यावर दिसते त्याची प्रत वाचकाच्या यंत्रात आधीच येऊन पडलेली असते; त्याखेरीज ते दिसूच शकत नाही. पान करते काय, तर वाचकाच्या हातातील प्रतीवरून वाचकाचाच हात उचलते. जाणकाराला ते अडवीत नाही. फायरफॉक्समध्ये शिफ्टची कळ दाबून धरून उजवी कळ दाबली की यादी उघडते. अडतो तो आमच्या हैदराबादच्या भगिनींसारखा वाचक.

मराठी वाचकाचे तर याहून निराळे दुःख होते. युनिकोडपूर्वी मराठी वृत्तपत्रांची पाने स्वतंत्र फाँटांत असत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले. ‘कॉपी’ ठसठशीत काळी असे, उतरवूनही घेता येई. डकविल्यावर मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भाताचा गोळा पडे. मुभा होती, हाती काही येत नव्हते. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फाँट आला आणि पुढील काही वर्षांत पाने युनिकोडकडे वळली, तेव्हा कोठे मराठी मजकूर एका जागचा दुसऱ्या जागी मराठीच राहू लागला. आणि नेमक्या त्याच काळात कुलपांची हौस वाढली, हा योगायोग आम्हांस बरा वाटत नाही.

आता तंट्याची दुसरी बाजू. पाचव्या एक्स्प्लोररने पानास आणखी एक अधिकार दिला होता. क्लिपबोर्डवर काय आहे ते वाचण्याचा. सामाईक जागा म्हणून तेथे काहीही असू शके. दुसऱ्या कामासाठी उतरवलेला खाते क्रमांक, खासगी पत्राचा परिच्छेद. एखादे अनोळखी पान उघडले आणि त्याने ते गुपचूप वाचून आपल्याकडे नेले, हे शक्य होते. वाचकास त्याचा पत्ताही लागत नसे. २००६ च्या सातव्या आवृत्तीत एक्स्प्लोररने अखेर ‘या पानास क्लिपबोर्ड पाहू द्यावा काय?’ असे विचारण्यास सुरुवात केली.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्सची नीती प्रथमपासून उलट होती. पानाने क्लिपबोर्डला हात लावावयाचा नाही. त्या तीन ‘बिफोर’ सूचनाही त्याने स्वीकारल्या नाहीत. याचा परिणाम मात्र चमत्कारिक झाला. पानांतील लेखनफलकांवर कात्रीचे, कागदाचे चित्र असलेली बटणे असत. फायरफॉक्समध्ये ती दाबली की ‘सुरक्षेच्या कारणास्तव हे करता येत नाही, कळफलक वापरा’ असा निरोप येई. कंट्रोल-व्ही दाबले की तेच काम बिनबोभाट होई. पुष्कळांस हा वेडेपणा वाटला. आम्हांसही वाटला होता.

त्यामागचे तत्त्व असे. कळफलकाची कळ ब्राउझरकडे थेट पोहोचते. तेथे वाचकाचा हेतू प्रत्यक्ष दिसतो. बटण हे पानाने काढलेले चित्र. ते दाबले गेले असे पान सांगते. खरेच दाबले की पानाने स्वतःच दाबल्याचे सोंग आणले, याची खात्री त्या काळी ब्राउझर देत नव्हता. कचेरीत अर्जदार स्वतः उभा राहून सही करतो तेव्हा काम होते. ‘त्यांनी मला सांगितले आहे’ असे म्हणत दुसराच कोणी आला तर मुखत्यारपत्र मागतात. फायरफॉक्सने मुखत्यारपत्र मागितले. त्यासाठी मांडणीच्या फाईलमध्ये हाताने चार ओळी लिहाव्या लागत, आणि ते कोणास जमणार? म्हणून बहुतेकांची बटणे मेलेलीच राहिली.

लोकांनी आडवाट शोधली ती ‘फ्लॅश’ची. पानात फ्लॅशचा अदृश्य तुकडा ठेवला की क्लिपबोर्डवर लिहिता येई. ऑगस्ट २००८ मध्ये भामट्यांनी त्याच वाटेने जाहिरातींतून वाचकांच्या क्लिपबोर्डवर एक घातक पत्ता पुनःपुन्हा कोंबला. काहीही उतरवा, डकविताना तो पत्ताच येई. त्यानंतर फ्लॅशच्या दहाव्या आवृत्तीने वाचकाची टिचकी असल्याखेरीज लिहिण्यास मनाई केली. टिचकी खरी की खोटी हे ओळखण्याची कला पुढे ब्राउझरांनाही साधली, आणि २०१५ साली क्रोम व फायरफॉक्स या दोघांनी खऱ्या टिचकीमागून उतरवून देण्याची मुभा पानास दिली. वाचण्याची गोष्ट निराळी ठेवली. तेथे क्रोम २०१८ पासून परवानगी विचारतो. सफारी २०२० पासून आणि फायरफॉक्स एप्रिल २०२४ पासून ‘पेस्ट’ असे एक लहान बटण स्वतःच पुढे करतात. वाचकाने ते दाबले तरच पानास वाचता येते. म्हणजे बटण पुन्हा ब्राउझरचे झाले. फोनचा इतिहास याच वळणाचा, आम्ही तो सोडून देतो. एवढेच की २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये उतरवण्या-डकविण्याची सोयच नव्हती, ती जून २००९ मध्ये आली.

येथवर पाहता धूसर आज्ञेचे तीन अर्थ झाले. पहिला, ‘आत्ता याला अर्थ नाही.’ दुसरा, ‘मालकाची इच्छा नाही.’ तिसरा, ‘वाचकाने अजून होकार दिलेला नाही.’ दिसावयास तिन्ही सारखेच फिके. पडद्यावरून ते ओळखू येत नाहीत, आणि दुसऱ्याने तिसऱ्याचा वेष घेतलेला अनेकदा दिसतो. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी आम्ही ज्या एका संकेतस्थळावर जातो तेथे खाते क्रमांकाच्या चौकोनात ‘पेस्ट’ बंद आहे. कारण ‘आपल्या सुरक्षिततेसाठी’. थरथरत्या बोटांनी लांबलचक आकडा दोनदा टंकित करण्यात कोणती सुरक्षितता, ते कळत नाही. संकेतशब्दांच्या बाबतीत तर ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट लिहिले की लोकांना संकेतशब्द डकवू द्या. डकवू दिले तर ते लांब आणि निरनिराळे संकेतशब्द ठेवतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या मानक संस्थेनेही आपल्या मार्गदर्शिकेत डकविण्यास मुभा असावी असे म्हटले.

आता आमच्या अंकांकडे. कार्यकारिणीतील ज्यांना कुलूप हवे आहे त्यांची भीती खोटी नाही. आमच्या एका दिवंगत सभासदाचा लेख दुसऱ्याच्या नावाने छापून आलेला आम्ही पाहिला आहे आणि तो सल अजून गेलेला नाही. पण तो लेख महाजालावर नव्हता; छापील अंकावरून हाताने उतरवलेला होता! उचलेगिरीस उपाय कायदा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, आणि त्याच कायद्यात खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा यांसाठी रास्त वापरास मोकळीकही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. उजवी कळ बंद केल्याने पहिली साधत नाही आणि दुसरी मात्र हिरावली जाते.

नोकरीतील काही वर्षे ‘खरी नक्कल’ म्हणून सही करण्याचे काम आमच्याकडे होते. ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा माणसास हक्क आहे त्याची नक्कल, फी भरल्यावर, मागेल त्यास दिलीच पाहिजे, ही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम अंमलात आला त्यातही ती आहे. जे पाहू दिले ते उतरवू दिले पाहिजे. आमचे त्रैमासिक हा सार्वजनिक दस्तऐवज नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत विखुरलेल्या घराण्यांच्या पिढ्यांची नोंद आज याच अंकांखेरीज क्वचितच कोठे आहे, आणि नोंद हाताने उतरवली की शक चुकतो, हे एका पत्राने दाखवून दिले आहे.

त्या पत्रास आम्ही उत्तर पाठविले, योग्य शक कळविला आणि त्या चार ओळी लेखकाच्या नावासह व अंकाच्या तारखेसह टंकित करून सोबत जोडल्या. कुलूप काढून प्रत्येक पानाच्या तळाशी लेखकाचे नाव, वर्ष व अंक छापावा, म्हणजे उतरवणाऱ्याबरोबर तेही जाईल, असा आमचा प्रस्ताव कार्यकारिणीच्या पुढील बैठकीसमोर आहे. ज्या सभासदांचे किंवा दिवंगत लेखकांच्या ज्या वारसांचे याहून निराळे मत असेल त्यांनी ते बैठकीपूर्वी लेखी कळवावे. ज्यांना आपल्या घराण्याविषयीचा मजकूर आताच हवा असेल त्यांनी अंकाचे वर्ष तेवढे लिहावे. तोवर आम्ही तो उतरवून पाठवू.